चादरींच्या पेटीतली बाटली

मी आयुष्यात व्हिस्कीचा थेंब जिभेवर ठेवला नाही, तरी चौदा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला, मी तीन माणसांना ती मोजून वाढली. आता एक्याऐंशी वर्षांची झाले. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण टेबलावरची त्या नऊ पेल्यांची रांग अजून डोळ्यांसमोर उभी राहते. आणि ती उभी राहिली की मला मान खाली घालावीशी वाटते, घरात कुणी नसलं तरी.

तिघं म्हणजे आमचे हे, दातांचे डॉक्टर आणि नाकोबा. ह्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दातांचे डॉक्टर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे आणि खाली दवाखाना चालवायचे. नाकोबा साबणाच्या कारखान्यात सुगंधाच्या खोलीत होते. साबणाचा प्रत्येक नमुना आधी त्यांच्या नाकाखालून जायचा; त्यांनी मान डोलावली तरच माल पुढे. त्यांचं खरं नाव घरची माणसं सोडली तर कुणी घेत नसे. नाकोबा हे बारसं ह्यांनी केलेलं, आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं.

या तिघांना नाद होता बर्बन आणि राय या दोन जातींच्या अमेरिकन व्हिस्की शोधण्याचा. पिण्याचा नव्हे, शोधण्याचा, हे मी शपथेवर सांगेन. प्यायचे ते इतकं थोडं की खोकल्याचं औषध त्याहून जास्त घेतात. बर्बन बहुतांश मक्याची, म्हणून गोडसर. राय त्याच नावाच्या धान्याची, म्हणून कोरडी, तिखट. दोन्ही मुरतात त्या आतून जाळलेल्या लाकडी पिंपांत. डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, बर्बन म्हणजे लाडावलेली धाकटी आणि राय म्हणजे फटकळ थोरली." मी घरातली थोरली. मी म्हणायचे, "मग थोरलीशी जपून बोला, डॉक्टर."

जुन्या दुकानांच्या मागच्या फळ्या, बंद पडलेल्या खानावळींचे माळे, कुणाच्या तरी कैलासवासी काकांची कपाटं, कुठेही वास लागला की तिघं सायकली काढायचे. डॉक्टर तर पेशंटच्या तोंडात हत्यार घालून विचारायचे, "घरात जुनी बाटली वगैरे आहे का हो?" त्यांचं म्हणणं, अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही. सापडलेली बाटली आमच्या कपाटात यायची. किल्ली माझ्याकडे.

रविवारचे नियम कडक होते. सकाळपासून घरात कांदा परतायचा नाही. मी वासाचा साबण लावायचा नाही. डॉक्टरांच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा, म्हणून त्यांना खिडकीपाशी बसवायचं. जेवणाआधीच चव घ्यायची, कारण नाकोबांच्या मते पोट भरलं की नाक झोपतं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की ओतायचं फक्त मी. तीन बाटल्या आतल्या खोलीत न्यायच्या, प्रत्येकीतून तीन-तीन पेले भरायचे, पेल्यांखाली एक, दोन, तीन असे आकडे ठेवायचे आणि कोणत्या आकड्याला कोणती बाटली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आपल्यापाशी ठेवायची. मग तिघं नाकं खुपसून भांडायचे. तासाभराने मी चिठ्ठी वाचायची. माझ्या चिठ्ठीवर कधी कुणी प्रश्न केला नाही. एकदा डॉक्टरांनी हौसेनं ओतलं आणि आकड्यांचा गोंधळ केला, तेव्हा मी त्यांना महिनाभर टोमणे मारले होते. "दात तरी बरोबर उपटता ना हो?"

नाकोबा बहुतेक वेळा बरोबर असायचे. दहातले नऊ.

त्यांना एक राय हवी होती. एकच. हिरवं लेबल, त्यावर पाणचक्कीचं चित्र. ती गाळणारा कारखाना कधीच बंद पडला होता. नाकोबा चोविशीत साबणाच्या कारखान्यात लागले, तेव्हा सुगंधाच्या खोलीत एक म्हातारे मास्तर होते. त्यांनी वर्षभर या पोराला नुसता झाडू मारायला लावला. वर्षानंतर एक दिवस कपाटातून ती बाटली काढली, चमचाभर राय बशीत ओतली आणि म्हणाले, "हा वास डोक्यात ठेव. पुढे जे जे हुंगशील ते याच्यापासून मोज." त्यानंतर मास्तर गेले, बाटली कुठे गेली देव जाणे.

ही गोष्ट ऐकून हे म्हणाले होते, "म्हणजे ते तुझं प्रमाण वजन." काट्याच्या दुकानात एक पितळी वजन असतं, मखमलीच्या डबीत ठेवलेलं. त्यानं माल मोजत नाहीत, इतर वजनं खरी की खोटी ते बघतात. नाकोबा हसले. "अगदी तेच. पंधरा वर्षं डोक्यात बाळगलंय. एकदा ताडून बघायचंय, झिजलं तर नाही ना."

नऊ वर्षं शोधल्यावर ती सापडली. डॉक्टरांच्या एका पेशंटच्या माळ्यावर, तुटक्या खुर्च्यांच्या मागे. मालक काही केल्या देईना, तेव्हा नाकोबांनी आपली नवी कोरी सायकल त्याला दिली आणि बाटली छातीशी धरून चालत आमच्याकडे आले. दोन तास चालले होते. वरची लाख तडकलेली, लेबलाचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला, पण राय गळ्यापर्यंत भरलेली.

"लगेच उघडा," डॉक्टर म्हणाले.

"नाही. अजून तीन महिन्यांनी माझी कारखान्यात पंचवीस वर्षं भरतात. त्या रविवारी." मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "वहिनी, तुमच्या हवाली."

"बिनघोर राहा, भाऊजी," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत वन्संचं पत्र आलं. माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. आठ दिवसांसाठी येत होत्या. दारूचं नाव काढलं तरी त्या उठून खिडकी उघडणाऱ्या. आता गंमत अशी, की त्याच्या मागच्याच रविवारी डॉक्टरांनी मला छेडलं होतं, "तुमच्या नणंदबाईंना हे कपाट माहीत आहे का?" आणि मी पेले पुसत ऐटीत म्हणाले होते, "माझ्या घरात मी कुणाला भीत नाही."

पत्र वाचलं आणि मी कपाटाची किल्ली घेऊन उठले. हे म्हणाले, "सांगून टाकू या ना ताईला." मी म्हणाले, "तुम्ही तुमच्या बहिणीला सांगाल आणि ऐकून घेईन मी." बाकी बाटल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाठवल्या. हिरव्या लेबलाची मात्र पाठवेना, कारण डॉक्टर "नुसता वास घेतो" म्हणत ती उघडतील याची मला खात्री होती. म्हणून मी ती चादरींच्या पेटीत ठेवली. पेटी बसकी. बाटली उभी मावेना. मी ती दोन चादरींच्या मध्ये आडवी घातली आणि झाकण लावलं.

व्हिस्की उभी ठेवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चौदा वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. द्राक्षाची वाइन आडवी, व्हिस्की उभी. कारण व्हिस्की कडक, ती बुचाला लागून राहिली की बूच खाते. माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, आठच तर दिवस.

वन्सं सत्तर दिवस राहिल्या, तोवरचे रविवार बुडाले. त्यांची खाट त्याच खोलीत, आणि दिवसा त्या त्याच पेटीवर बसून स्वेटर विणायच्या, कारण तिथे उजेड चांगला यायचा. मी दारातून बघायचे. "काय गं, सारखी डोकावतेस?" त्या विचारायच्या. "काही नाही वन्सं, चहा घेता का?" रोज मनात यायचं, आता सांगावं, वन्सं, जरा उठा, पेटीत एक बाटली आहे. एवढंच वाक्य. त्या ओरडल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि संपलं असतं. मला ते सत्तर दिवसांत जमलं नाही.

त्या गुरुवारी गेल्या. रविवारी नाकोबांचा दिवस. टांगा कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच मी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर दुसरा एक वास वर आला आणि मी चादरी उपसल्या. बूच भिजून त्याचा भुगा झाला होता. खालच्या चार चादरींवर तपकिरी डाग पसरले होते. बाटलीत निम्म्याहून कमी उरलं होतं, गढूळ, बुचाच्या कणांनी भरलेलं.

पुढे मी जे केलं ते घाबरून केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी उरलेलं मलमलीच्या कपड्यातून दोनदा गाळलं. दवाखान्यातून परत आणलेल्या बाटल्यांतल्या एका साध्या रायची भर घातली. रंग फिका वाटला म्हणून त्यात थोडी बर्बन ओतली. बाटली आधी जिथपर्यंत भरलेली होती तिथपर्यंत आणली. दुसरं बूच कापून बसवलं. ह्यांच्या दुकानातली पार्सलवर लावायची लाख वितळवून वर ओतली आणि थंड झाल्यावर सुरीच्या मुठीनं तिला एक तडा दिला, पहिल्यासारखा. भर घालण्याआधी मात्र, का ते मला आजही नीट सांगता येत नाही, खोकल्याच्या औषधाची एक लहान बाटली उकळून कोरडी केली आणि त्या गाळलेल्या खऱ्या रायनं भरून, झाकणावर लाख लावून शिवणाच्या डब्यात ठेवली. चादरी तीन वेळा धुतल्या.

रविवारी नाकोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दाढी करून, पण वासाचं काही न लावता. ठरलं असं, की हिरव्या लेबलाची राय आणि इतर दोन राय, अशा तीन ओतायच्या आणि नाकोबांनी तिघींतून आपली ओळखायची. मी आतल्या खोलीत गेले, नऊ पेले भरले, आकडे ठेवले. हिरवी दोन नंबरला.

नाकोबांनी पहिला पेला हुंगला, ठेवला. दुसरा हुंगला, ठेवला. तिसरा. पुन्हा पहिला. डॉक्टरांच्या नाकातली शिट्टी ऐकू येत होती. मग नाकोबांनी आमच्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "वहिनी, फसवताय काय? ही नाही, ती नाही. तिघींत ती नाहीच."

"अहो, बघा तरी नीट," हे म्हणाले.

"नीटच बघतोय."

डॉक्टरांनी आपला पेला उचलला. "दोन नंबर. डोळे मिटून सांगतो. जुनं लाकूड, धूळ, माळा, सगळं आहे. काय नाकोबा, प्रमाण वजन हरवलं वाटतं?"

"दोन नंबर नाही. दोन नंबरात मका आहे, डॉक्टर. गोड आहे ती. माझ्या रायमध्ये मका नव्हता. ती कोरडी होती, मिरीसारखी, आणि शेवटी पुदिना चोळल्यासारखं काहीतरी."

"चोवीस वर्षांपूर्वी चमचाभर हुंगलेली!" डॉक्टर हसायला लागले. हे पण हसले, म्हणाले, "म्हातारा झालास लेका. नाकोबाचा आता नुसता बा राहिला."

नाकोबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "वहिनी, चिठ्ठी?"

मी चिठ्ठी उघडली. वाचायची गरज नव्हती, तरी वाचल्यासारखं केलं. "दोन नंबर, हिरवं लेबल."

"नक्की?"

त्या क्षणी हे, डॉक्टर, नाकोबा, तिघंही माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की भाऊजी, तुमचं बरोबर आहे. चारच शब्द.

"माझी चिठ्ठी कधी चुकली आहे का?" मी म्हणाले.

त्यांनी दोन नंबरचा पेला पुन्हा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

तीन आठवड्यांनी जेवताना ह्यांनी सांगितलं, की नाकोबांनी कारखान्यात अर्ज देऊन सुगंधाची खोली सोडली. पॅकिंगमध्ये गेले. साहेबांनी समजावलं, पण ऐकेनात. म्हणाले, ज्या नाकावर माझाच भरवसा उरला नाही त्या नाकानं लोकांच्या अंगाला लागणारा माल पास कसा करू? मी भात कालवत राहिले. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि सहज विचारलं, "तुझी चिठ्ठी बरोबर होती ना गं?"

"पुन्हा तेच?" मी म्हणाले, आणि रागाचं सोंग आणून ताट घेऊन उठले.

नाकोबांनी पुढची अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, वड्या मोजून खोक्यांत भरल्या. आमच्याकडे येणं कमी झालं, मग थांबलं. रविवारही बंद पडले. दोघांत कसली गंमत. रस्त्यात भेटले तर ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलायचे, "काय वहिनी, बरं आहे ना?" त्यांनी मला एकदा तरी तिरकं बोलायला हवं होतं. मी दर वर्षी ठरवायचे, या वर्षी सांगायचं. पहिल्या वर्षी वाटलं, आत्ता सांगितलं तर ते परत सुगंधाच्या खोलीत जाऊ शकतील. दहाव्या वर्षी वाटलं, आता सांगून काय उपयोग. दोन्ही वेळा मी गप्पच बसले. हे गेले, तेही माझी चिठ्ठी खरी मानूनच गेले. डॉक्टर मुलीकडे दूर राहायला गेले आणि तिकडेच वारले.

मागच्या महिन्यात शिवणाचा डबा आवरताना ती औषधाची बाटली हाताला लागली. चौतीस वर्षं झाली होती. झाकणावरची लाख तशीच. मी त्याच दुपारी रिक्षा करून नाकोबांकडे गेले. उद्यावर टाकलं असतं तर पुन्हा चौतीस वर्षं मिळणार नव्हती.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. नाकोबा खिडकीपाशी खुर्चीत होते, वाळले होते, पण मला लगेच ओळखलं. "वहिनी! या, या. अहो, किती वर्षांनी." सून चहा ठेवायला आत गेली, आणि मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. पेटी, वन्सं, मलमल, भर, लाख. उभ्यानंच. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

नाकोबा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बर्बन किती घातली होती?"

"असेल चार-पाच चमचे."

"चार-पाच चमचे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "अख्ख्या बाटलीत चार-पाच चमचे, आणि मला लागला होता मका. मी म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं, भाऊजी."

"डॉक्टर हसले होते."

"हो."

मग तो उजेड हळूहळू गेला. ते हिशेब करत होते, ते मला दिसत होतं, वर्षांचा हिशेब. सुगंधाच्या खोलीतली अकरा वर्षं, जी त्यांना मिळाली नाहीत. ते मला बोलले नाहीत. बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच आले होते. त्यांनी फक्त खिडकीची कडी एकदा लावली आणि परत काढली.

मी ती औषधाची बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "यात भर नाही. हिरव्या लेबलातलीच आहे. फक्त गाळलेली."

त्यांनी ती उचलून उजेडात धरली. "वहिनी, दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. त्यात वास गेला तो गेलाच. आता सून दूध करपलं म्हणून धावत येते तेव्हा मला कळतं, दूध करपलंय." मग बाटली माझ्याकडे सरकवली. "तुम्ही हुंगा. आणि मला सांगा. खरं सांगा."

मी नखानं लाख काढली, झाकण उघडलं आणि चौदा वर्षं मी ज्यांना ओतून दिलं त्यांच्यासारखं नाक खुपसलं. पहिल्यांदाच.

"लाकूड आहे," मी म्हणाले. "आणि डांबराच्या गोळ्या."

"ते तुमच्या चादरींचं. पुढे?"

"कोरडं आहे."

"मिरी?"

मी पुन्हा हुंगलं. मिरी आहे असं म्हणायला मला काय लागत होतं? त्यांना आनंद झाला असता. एक शब्द, आणि या वेळी तो चांगल्यासाठी. "मिरी नाही, भाऊजी," मी म्हणाले. "असली तर उडून गेली असेल."

त्यांनी मान हलवली. मी झाकण लावायला गेले, आणि तेवढ्यात अगदी शेवटी, श्वास सोडताना, मला काहीतरी लागलं. हिरवं, थंड. बोटांवर पान चुरडल्यासारखं.

"थांबा," मी म्हणाले. "पुदिना. शेवटी पुदिना आहे. खरंच आहे, भाऊजी."

नाकोबांनी माझ्याकडे बघितलं, त्या रविवारी बघितलं होतं तसंच, चिठ्ठी मागताना. मी वाट बघत होते. त्यांनी म्हणावं, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "पुदिन्याचं मी त्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं."

पुदिना होता. आजही तो माझ्या नाकात आहे. पण ते पटवून द्यायला माझ्याजवळ होतं काय, माझा शब्द? सुनेनं चहा आणून ठेवला. नाकोबांनी माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं आणि ती खिडकीच्या पट्टीवर ठेवली. उभी.